ठरविलेले आणि दिसलेले

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव फार पुरातन आहे. पूर्वी ते भांदक या नावाने ओळखले जात असे. या एका गावात भद्रनागाचे मंदिर आहे, पार्श्वनाथांचे जैन तीर्थ आहे आणि गावालगतच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणीही आहेत. तीन धर्मांची पूजास्थाने अशी एकमेकांच्या शेजारी नांदत असलेली पाहावयास मिळणे, हे या गावाचे भाग्यच म्हणावयाचे.

मी शिक्षक असताना एका श्रावणात आमच्या शाळेची सहल विजासनला नेली होती. मुलांनी इतिहासाच्या पुस्तकात अजिंठ्याची रंगीत चित्रे पाहिली होती. लेणी म्हटली की ती तशीच असावयाची, अशी त्यांची समजूत. आम्ही टेकडीपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच पावसाने झोडपावयास आरंभ केला. धावतपळत लेण्याच्या दाराशी आलो, तर आत काळोख! भिंतींवर चित्रे नाहीत, छताला रंग नाही. वटवाघळांचा उग्र दर्प मात्र भरून राहिलेला. एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "गुरुजी, एवढेच?"

तिचा प्रश्न खोटा नव्हता. दूरच्या गावाहून, अर्धीअधिक रात्र जागून, शिदोरी बांधून आलेल्या मुलीने तो विचारावा यात नवल ते काय? परंतु त्याचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. त्या दिवशी पुढे काय घडले ते मी शेवटी सांगेन. तत्पूर्वी हाच प्रश्न ज्याला पावलोपावली पडला असेल, अशा एका थोर प्रवाशाची ओळख करून घेऊ.

त्याचे नाव ह्युएन त्संग. हा चीन देशातील एक विद्वान बौद्ध भिक्षू. भगवान बुद्धाची जन्मभूमी आणि कर्मभूमी डोळ्यांनी पाहावी, मूळ धर्मग्रंथ मिळवावेत, या एका ध्यासाने तो सातव्या शतकात भारताकडे निघाला. त्या काळी चीनच्या बादशहाने प्रजेला देशाबाहेर जाण्यास मनाई केली होती. म्हणून त्याला चोरून निघावे लागले. वाटेत वाळवंट लागले. तेथे पाणी पिताना हातातील पखाल निसटली आणि सारे पाणी वाळूत जिरून गेले. चार रात्री आणि पाच दिवस त्याने पाण्याच्या थेंबावाचून काढले. तरीही तो मागे फिरला नाही.

एवढे हाल सोसून तो भारतात आला, तेव्हा त्याला काय दिसले? ज्या कपिलवस्तूत बुद्धाचे बालपण गेले, ते नगर ओसाड पडलेले होते. ज्या श्रावस्तीत बुद्धाने अनेक पावसाळे घालविले, तेथील जेतवन विहाराचे अवशेषच काय ते उरले होते. बोधगयेस बोधिवृक्षासमोर उभे राहताच, आपण फार उशिरा जन्मास आलो, या विचाराने त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्यापूर्वी गंगेतून नावेने जात असता चाच्यांनी त्याला पकडले आणि देवीपुढे त्याचा बळी देण्याचे ठरविले. इतक्यात अकस्मात मोठे वादळ सुटले. चाचे भयभीत झाले आणि त्याचे प्राण वाचले. दक्षिणेत कांची नगरीपर्यंत पोहोचल्यावर समुद्र ओलांडून सिंहलद्वीपास जावे, असा त्याचा मानस होता. परंतु तिकडून आलेल्या भिक्षूंनी वार्ता आणली की, सिंहलचा राजा मरण पावला असून तेथे दुष्काळ पडला आहे. इतक्या जवळ येऊनही त्याला तो बेत सोडून द्यावा लागला.

परतीच्या वाटेवरही दैवाने त्याची परीक्षा पाहिली. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास हस्तलिखिते पाण्यात गेली. वर्षानुवर्षे जमविलेले धन क्षणार्धात नाहीसे झाले. तो खचला नाही. हरवलेल्या ग्रंथांच्या नकला करून आणण्यासाठी त्याने माणसे धाडली आणि त्या हाती येईपर्यंत वाट पाहिली. अखेर इ. स. ६४५ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते.

असे का व्हावे? घराबाहेर पडताना मनुष्य सर्व काही ठरवून निघतो. मग तीर्थाच्या ठिकाणी पोहोचल्यावर त्याचा अपेक्षाभंग का होतो? थोडा विचार केला तर यामागची कारणे स्पष्ट दिसतात.

पहिले कारण निसर्ग. दगडाची इमारत आपल्याला अचल वाटते. परंतु ऊन, पाऊस, पूर, वीज आणि भूकंप यांच्यापुढे दगडाचेही काही चालत नाही. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे कोरीव मंदिरांचा मोठा समूह आहे. त्याला लोक 'विदर्भाची काशी' म्हणतात. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. तेथील मुख्य मंदिरावर पूर्वी वीज कोसळून त्याची मोठी हानी झाली, असे सांगितले जाते. अलीकडच्या काळात जीर्णोद्धारासाठी मंदिराचे दगड उतरवून घेण्यात आले. उंच शिखर पाहण्याच्या आशेने आलेल्या भाविकांना तेथे बांधलेले मचाण आणि अंगणात ओळीने मांडून ठेवलेले दगड पाहूनच परतावे लागले. शेजारच्या नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला. ज्या काष्ठमंडपावरून काठमांडू शहराला त्याचे नाव मिळाले, तो शेकडो वर्षांचा जुना मंडप काही क्षणांत भुईसपाट झाला. आदल्या दिवशी गेलेल्या प्रवाशाने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी गेलेल्याला त्याच्या जागी ढिगारा दिसला. पुढे लोकांनी तो मंडप पुन्हा उभारला. तेव्हा आज जाणाऱ्याला मंडप दिसेल; मात्र तो नव्याने बांधलेला असेल.

दुसरे कारण माणसामाणसांतील वैर आणि राज्याराज्यांतील संघर्ष. अफगाणिस्तानात बामियान येथे डोंगराच्या कड्यात बुद्धाच्या दोन प्रचंड मूर्ती कोरलेल्या होत्या. ह्युएन त्संगाने त्या पाहिल्या होत्या. त्यांचा सोनेरी झळाळ आणि त्यावरील अलंकार यांचे वर्णन त्याने लिहून ठेविले आहे. जवळजवळ चौदा शतके उभ्या असलेल्या या मूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उद्ध्वस्त करण्यात आल्या. आज तेथे जाणाऱ्याला कड्यातील रिकामे कोनाडे दिसतात. कैलास आणि मानसरोवर ही स्थाने तिबेटात आहेत. भारत आणि चीन यांच्या सीमेवर तणाव वाढला की त्या यात्रेची वाट बंद होते. १९६२ च्या युद्धानंतर बंद पडलेली ही यात्रा १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२० मध्ये ती महामारीमुळे थांबली आणि नंतर सीमेवरील तणावामुळे बंदच राहिली. ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. डोंगर तेथेच होता, सरोवरही तेथेच होते. परंतु मधल्या काळात कित्येक वृद्धांची यात्रा घडायची ती राहूनच गेली.

आपल्या मराठीतच या गोष्टीचे एक विलक्षण उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे कळल्यावरून १८५७ साली ते आपल्या चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवावी, तीर्थे करावीत आणि घरी परत यावे, एवढाच त्यांचा साधा बेत होता. परंतु ते निघाले आणि उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला. यज्ञ तर दूरच राहिला. १८५८ साली झाशीला वेढा पडला, तेव्हा ते शहरातच अडकले होते. झाशीची राणी, तिची शर्थीची झुंज आणि त्यानंतर शहरावर कोसळलेला अनर्थ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मिळालेले द्रव्य लुटारूंनी एकदा नव्हे तर अनेकदा लुबाडले. शेवटी ते घरी आले तेव्हा त्यांच्या गाठीला फारसे काहीच नव्हते. मात्र त्यांनी खांद्यावरून गंगाजलाची कावड आणली होती. त्या जलाने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले. पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपला वृत्तांत लिहिला. तो 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. ठरविल्याप्रमाणे यज्ञ झाला असता, तर कदाचित हे पुस्तक आपल्याला कधीच लाभले नसते.

तिसरे कारण जरा निराळे आहे. धर्मस्थान म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे. तेथे देव जागा होतो, देवाला नैवेद्य दाखवितात, देव निद्रा घेतो. आणि त्या त्या वेळी दार बंद असते. पाहुण्यांच्या सोयीसाठी ते उघडत नाही. नागपंचमीला भद्रनागाच्या मंदिरात जाणाऱ्याला दाटी आणि नारळ-लाह्यांनी भरलेली ताटे दिसतील. एरवी भर दुपारी गेलेल्याला तेथे निवांत शांतता लाभेल. दोन्ही दर्शने खरीच. परदेशात तर प्रत्येक स्थानाचे नियम निरनिराळे असतात. कोठे मस्तक झाकावे लागते, कोठे टोपी उतरावी लागते, कोठे पादत्राणे काढावी लागतात. नेपाळातील पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. त्यांना नदीच्या पैलतीरावरूनच ते पाहावे लागते. जपानमधील इसे येथील प्राचीन देवस्थानाची तऱ्हा तर आणखीच वेगळी. तेथील लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात आणि मग जुने उतरवून टाकतात. याआधी ते २०१३ मध्ये बांधले गेले. तेथे जुनाट लाकूड शोधीत गेलेला प्रवासी निराश होईल. परंतु बांधण्याची कला पिढ्यानुपिढ्या हातांतून हातांत कशी जिवंत ठेविली जाते, हे ज्याला समजेल तो धन्य होऊन परतेल.

आता चौथे कारण. हे आपल्या अगदी जवळचे, किंबहुना आपल्यातच दडलेले आहे. फ्रान्समध्ये लास्को नावाची एक गुहा आहे. १९४० साली चार मुलांनी ती शोधून काढली. आत हजारो वर्षांपूर्वी आदिमानवाने रेखाटलेली बैल, घोडे आणि हरणे यांची अप्रतिम चित्रे होती. ती पाहण्यास माणसांची रीघ लागली. त्या सर्वांच्या श्वासांतील ओलाव्याने आणि वायूने, तसेच आतील दिव्यांनी, चित्रांवर हिरवट थर चढू लागला. अखेर १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. या लोकांनी चित्रांना हातही लावला नव्हता. केवळ त्यांच्या येण्यानेच हानी झाली. मग जे लोक लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरतात, मूर्तीच्या खांद्यावर चढतात किंवा कोरीव दगडाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालतात, त्यांना काय म्हणावे? आपल्यामागून येणाऱ्याला काय दिसणार, हे काही अंशी आपल्या हातात असते. भूकंप आपल्याला रोखता येत नाही. आपला हात मात्र रोखता येतो.

तर मग प्रवासास जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. मनुष्याने अवश्य प्रवास करावा, देशोदेशींची तीर्थे आणि वास्तू पाहाव्यात. मात्र निघण्यापूर्वी थोडी तयारी करावी. त्या स्थानाचा इतिहास वाचावा, तेथील रीतिरिवाज समजून घ्यावेत, दार केव्हा उघडते आणि केव्हा बंद होते याची चौकशी करावी. आणि एवढे करूनही मनात एक जागा मोकळी ठेवावी. ठरविलेले दिसले नाही तर जे दिसेल ते त्या जागेत नीट बसवावे. पुढे ते तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.

लिहून ठेवावे, हे मी मुद्दाम म्हणतो. ह्युएन त्संगाने मायदेशी गेल्यावर आपला प्रवासवृत्तांत सिद्ध केला. त्यात त्याने भव्य विहारांचे वर्णन केले, तसेच ओसाड नगरांचेही केले. अमुक नगर उजाड आहे, तेथून अमुक दिशेला इतक्या अंतरावर अमुक स्तूप आहे, असे तो लिहीत गेला. जे पाहण्याची आशा होती ते दिसले नाही, म्हणून त्याने ते कल्पनेने रंगविले नाही, आणि निराश होऊन वगळलेही नाही. त्या कोरड्या वाटणाऱ्या नोंदींचे मोल कळावयास बारा शतके जावी लागली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्वज्ञ ह्युएन त्संगाचा ग्रंथ हाताशी धरून भारतभर हिंडले. त्यातील दिशा आणि अंतरे यांच्या आधारे त्यांनी श्रावस्ती आणि नालंदा यांची मातीखाली गडप झालेली स्थळे ओळखली. भिक्षूला ज्या पडक्या भिंती पाहून दुःख झाले असेल, त्या भिंतींचा माग त्याच्याच शब्दांनी पुढील पिढ्यांना लागला.

या गोष्टीचा धागा थेट भद्रावतीपर्यंत येतो. ह्युएन त्संगाने कोसल नावाच्या एका देशाचे वर्णन केले आहे. हा उत्तरेकडील अयोध्येचा कोसल नव्हे, तर मध्य भारतातील दक्षिण कोसल होय. तेथे सुमारे शंभर संघाराम आणि जवळजवळ दहा हजार भिक्षू होते, असे तो सांगतो. त्या देशाची राजधानी कोणती, याविषयी विद्वानांनी पुष्कळ वाद केला. कोणी आपल्या चंद्रपूर-भांदकच्या मुलखाकडे बोट दाखविले, कोणी गडचिरोलीतील वैरागडाकडे, तर कोणी छत्तीसगडातील सिरपूरकडे. हा वाद आपल्याला सोडवावयाचा नाही. परंतु १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांताच्या दौऱ्यावर असताना कनिंगहॅम भांदकलाही आले आणि विजासनची लेणी, तलावातील दगडी खांबांवरचा जुना पूल, जागोजागी विखुरलेल्या मूर्ती या सर्वांची त्यांनी नोंद केली. पुढे या गावाने आणखीही पुष्कळ काही उजेडात आणले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याच्या काळी वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले असे मानतात, त्याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट भांदक येथेच सापडला. विसाव्या शतकाच्या आरंभी झाडीत दुर्लक्षित राहिलेली पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती पुन्हा प्रकाशात आली आणि तेथे मोठे तीर्थ उभे राहिले. ज्या गावात काय दिसेल हे काल कोणाला सांगता आले नाही, त्या गावात उद्या काय दिसेल हेही कोणाला सांगता येणार नाही.

आता त्या श्रावणातील सहलीकडे वळू. पाऊस थांबण्याचे चिन्ह दिसेना. बाहेर पडणे शक्य नव्हते; म्हणून आम्ही लेण्याच्या तोंडाशीच बसून राहिलो. मुलांचा गलबला हळूहळू ओसरला. अंधाराला डोळे सरावले. आणि मग सरळ डोंगराच्या पोटात गेलेल्या त्या लांबट दालनाच्या टोकाशी, आधी केवळ काळोख होता तेथे, आसनस्थ बुद्धाची भव्य मूर्ती आपोआप आकार घेऊ लागली. प्रथम खांदे दिसले, मग मांडीवरचे हात, मग मुख. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने डाव्या आणि उजव्या हाताची दालनेही मुलांच्या ध्यानात आली, आणि त्यांच्या टोकाशीही तशीच मूर्ती. 'एवढेच?' म्हणणारी ती मुलगी उठली, पावले मोजीत मूर्तीपर्यंत गेली, परत आली, आणि वहीत काहीतरी लिहू लागली. मी डोकावून पाहिले. तिने लेण्याचा आराखडा काढून त्यावर पावलांचे आकडे घातले होते. खाली एक ओळ लिहिली होती : 'येथे चित्रे नाहीत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते.'

ह्युएन त्संगानेही याहून वेगळे काय केले होते? त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला सुचण्यापूर्वी तिचे तिलाच सापडले होते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही मोठे व्हाल, दूरदूरचे देश पाहाल. कोठे दार बंद असेल, कोठे शिखराभोवती मचाण असेल, कोठे मूर्तीच्या जागी रिकामा कोनाडा असेल. त्या वेळी 'एवढेच?' असे मनात येईल, आणि ते येण्यात काही पाप नाही. मात्र तेवढ्यावर पाठ फिरवू नका. थोडे थांबा, नीट पाहा, आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहून ठेवा. ते वाचून उद्या कोणी त्याच वाटेने येईल.